कादंबरीतली पाळत, वर्गातली हजेरी

एम.ए. इंग्रजीच्या मुलांना ऑप्शनल पेपर निवडायचा असला की ती वरच्या वर्गातल्यांना दोनच गोष्टी विचारतात : बाजारात गाइड मिळतं का, आणि मार्क सैल हाताने पडतात का. माझ्या पेपरच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. तरी बाकं भरायची, कारण यादीत ऑर्वेलचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ होतं आणि त्यातल्या ‘बिग ब्रदर’चं नाव ‘बिग बॉस’च्या कृपेने कानावरून गेलेलं असायचं. लेखकाने हे नाव टीव्हीवरच्या कार्यक्रमावरून उचललं, असं एकाने इंटर्नलच्या पेपरात ठामपणे लिहिलं होतं. कादंबरी १९४९ची. मी त्याला अर्धा मार्क दिला. निदान दोन्हींचा संबंध तरी त्याला दिसला होता.

पेपर आखताना कल्पना अशी होती की, उद्याचा समाज बिघडला तर कसा दिसेल हे रंगवणाऱ्या पाच कादंबऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येकीला आजचा एखादा खटला नाहीतर सार्वजनिक वाद जोडायचा. झाम्यातिनचं ‘वी’, हक्सलीचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, ऑर्वेल, ब्रॅडबरीचं ‘फॅरनहाइट ४५१’ आणि मार्गारेट ॲटवूडचं ‘द हॅन्डमेड्स टेल’. एकीकडे कादंबरी, दुसरीकडे निकालपत्र. अभ्यास मंडळाच्या बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, “निकालपत्रं वाचायची तर पोरांनी लॉला जावं की.” त्यावर मी बरंच बोलले. पण पेपर मंजूर झाला तो माझ्या बोलण्याने झाला असं मला वाटत नाही. जेवणाची वेळ टळून गेली होती.

आमचं कॉलेज दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी. मुलं बहुतेक आसपासच्या तालुक्यांतली, बरीचशी घरातली पहिलीच पदवीधर. ही पुस्तकं वाचून मुलं घाबरतील, हे मी गृहीतच धरलं होतं. शिकवताना आवाज कसा खाली आणायचा, कुठे थांबायचं, हेही मनाशी बसवलं होतं. कोणी घाबरलं नाही. विन्स्टन स्मिथच्या खोलीतला टेलिस्क्रीन त्याला बंद करता येत नाही, फार तर मंद करता येतो, हे मी नाट्यमय थाटात सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, “मॅडम, आमच्या वाड्यात तरी कुठलं दार लागतं?” वर्ग हसला. दुसरी एक मुलगी मात्र हसली नाही. तिने पुस्तकातला एक तपशील पकडला होता. विन्स्टनच्या घरात भिंतीला एक कोनाड्यासारखी जागा आहे, तिथे टेलिस्क्रीनची नजर पोचत नाही, आणि तिथे बसून तो डायरी लिहितो. ती म्हणाली, “त्याला एकट्याला घर आहे. घरात एक कोपरा आहे. आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं. माझी वही माझा भाऊ वाचतो. मला या माणसाची दया येते, पण हेवा जास्त येतो.”

या वाक्यानंतर मला माझ्या नोट्स पुन्हा लिहाव्या लागल्या. परदेशी समीक्षकांच्या पुस्तकांत खासगीपण ही प्रत्येकाकडे जन्मतःच असलेली वस्तू असते आणि सरकार ती हिसकावून घेतं. माझ्या वर्गात ती अनेकांना कधी मिळालेलीच नव्हती. ‘वी’मधली काचेची घरं शिकवताना हे फार जाणवलं. झाम्यातिन हा जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्फ फोडणाऱ्या रशियन जहाजांच्या कामावर देखरेख करायला तो इंग्लंडला गेला होता. परत येऊन १९२०-२१मध्ये त्याने ही कादंबरी लिहिली. ती आधी १९२४ साली इंग्रजीत न्यूयॉर्कला आली आणि त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं. कादंबरीतल्या शहरात सगळ्या भिंती काचेच्या. पडदे ओढायची परवानगी फक्त ठरावीक तासांना, तीही गुलाबी कुपन दाखवून. कुपन कशासाठी ते मला वर्गात फोड करून सांगावं लागलं नाही. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे एकदम वहीत बघायला लागले. हॉस्टेलवर एका खोलीत चौघी राहणाऱ्या मुलींना त्या शहराची वाटते तेवढी अपूर्वाई नव्हती. त्यांच्या मते कादंबरीत नवीन होती ती एकच गोष्ट : पडदा ओढायची लेखी परवानगी मिळते.

पेपरचं खरं वळण मात्र एका सेमिनारमध्ये आलं. मुलगा मागच्या बाकावर बसणारा, मोजकं बोलणारा. त्याने विषय घेतला होता खरक सिंगचा खटला. १९६२चा हा निकाल मी यादीत टाकला होता तो केवळ ऐतिहासिक पार्श्वभूमी म्हणून. उत्तर प्रदेशातला हा माणूस. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्री शीट उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठवायचं, तो घरी आहे का बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाणं तेवढं बेकायदा ठरवलं, पण घटनेत खासगीपणाचा हक्क नाही असंही बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं.

मुलाने हे सगळं पाच मिनिटांत संपवलं आणि कागद खाली ठेवला. मग मराठीत बोलायला लागला. त्याच्या आजोबांना हजेरी होती. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे त्यांचं लहानपण गेलं. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. रात्री नावं पुकारली जायची, ‘हाजिर’ म्हणावं लागायचं. परगावी जायचं तर दाखला घ्यायचा, तिथल्या पाटलाला दाखवायचा. गुन्हा केला म्हणून हे नव्हतं, त्या जमातीत जन्मले म्हणून होतं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, पुढे १९११मध्ये त्याची व्याप्ती वाढली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही तो उठायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं. ही सनावळी त्याने पाठ केलेली नव्हती. घरात वाढदिवस माहीत असतात तशी त्याला ती माहीत होती. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, तुम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, भविष्याची भीती. आमच्याकडे हे होऊन गेलंय. आणि अजून गावात चेन चोरीला गेली की गाडी पहिली आमच्याच वस्तीत येते.”

वर्ग बराच वेळ गप्प होता. त्याच्या शेजारी दोन वर्षं बसणाऱ्या मित्राने बाहेर पडताना त्याला विचारलं, “कधी बोलला नाहीस?” त्यावर तो म्हणाला, “कोणी विचारलं नाही.” मला वाटतं, हे उत्तर खरं नव्हतं आणि मित्रालाही ते कळलं. ज्याच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवली गेली तो स्वतःबद्दल काय बोलायचं, किती बोलायचं, हे बोलण्याआधीच ठरवून टाकतो. तोवर पाळत आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही मी पेपरची दोन वेगळी युनिटं केली होती, प्रत्येकी वीस मार्कांची. पुढच्या वर्षी ती एकत्र केली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचनाच्या यादीत घेतलं, ऑर्वेलच्या शेजारी. इंग्रजीच्या पेपरात मराठी आत्मकथन कशाला, हा प्रश्न आला. अनुवाद उपलब्ध आहे असं कागदावर लिहून दिलं आणि वर्गात मूळ मराठीच वाचलं.

याच ओघात बोटांच्या ठशांचा इतिहास आला. मुलांना वाटायचं, हे तंत्र विलायतेतून आलं. प्रत्यक्षात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमध्ये एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, आणि ठशांचं पहिलं सरकारी दफ्तर १८९७मध्ये कलकत्त्याला उघडलं. त्यामागची वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय कर्मचाऱ्यांचा हात होता. कादंबऱ्या परदेशात लिहिल्या गेल्या, पण कारखाना इथे होता. ऑर्वेलही जन्मला बिहारातल्या मोतिहारीत, २५ जून १९०३ रोजी. वडील अफूच्या खात्यात नोकरीला होते. आणीबाणीही २५ जूनलाच जाहीर झाली, १९७५ साली. या योगायोगाचा अर्थ काहीच नाही, पण मुलांना तारीख कायमची लक्षात राहते, म्हणून मी तो न चुकता सांगते.

खासगीपणाच्या हक्कावरचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी आला, तेव्हा सेमिस्टर चालू होतं. खरक सिंगच्या निकालातला तो भाग त्यात पुसला गेला. आणीबाणीत जगण्याचा हक्कसुद्धा स्थगित होऊ शकतो म्हणणारा १९७६चा जबलपूर खटल्याचा निकालही याच वेळी रद्द झाला. १९७६च्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७मध्ये तो निकाल मोडीत काढणारं निकालपत्र त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. एकट्याने विरोधात उभे राहिलेले न्यायमूर्ती खन्ना बाजूला राहतात आणि वर्गाला बापलेकाची गोष्टच आवडते. थोडी फिल्मी आहे, पण तिच्या जोरावर पोरं शेकडो पानांच्या निकालातली निदान चाळीस पानं वाचतात.

त्या वर्षी मी आधारवर चर्चा ठेवली. पहिला आधार क्रमांक २०१०च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, इथून सुरुवात केली. मला अपेक्षा होती की वर्ग सगळा विरोधात जाईल. पुस्तकं तीच वाचत होतो. वर्ग दुभंगला. विरोधात बोलणारी मुलं बहुतेक शहरातली, नोकरदारांच्या घरची. बाजूने बोलणारी एक मुलगी ऊसतोड कामगारांच्या घरातली होती. ती म्हणाली, “सहा महिने आम्ही गावात नसतो. आम्ही कुठल्याच कागदावर नव्हतो. सरकारला आम्ही दिसावं म्हणून माझ्या बापाने रांगेत दोन दिवस घालवले. तुम्हाला दिसायचं नाही, आम्हाला दिसायचंय.” दुसऱ्याने लगेच सांगितलं की, त्याच्या आजीच्या बोटांच्या रेषा भांगलणीत झिजल्यात, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, तेव्हा दिसूनही ती दिसत नाही. दोघं भांडत नव्हती. मला तर ती एकमेकांचं वाक्य पुरं करताहेत असं वाटत होतं. पाचही कादंबऱ्यांत अशी माणसं नाहीत जी नजरेत यावं म्हणून धडपडतात. सत्तेच्या नजरेतून निसटायचं स्वप्न बघणारा नायक आधीपासून कुठल्यातरी दफ्तरात व्यवस्थित नोंदलेला असतो. मी आजही या कादंबऱ्या मोठ्याच मानते, पण ही उणीव आता वर्गात उघड सांगते.

हक्सलीवर मी फार रेंगाळत नाही. सत्तेला दंडुका लागणारच नाही, लोक सुखाच्या गोळीवरच राजी होतील, हा त्याचा मुद्दा मुलांना रील्सच्या एका उदाहरणात कळतो आणि मग त्याचंच सुभाषित होतं. ‘ऑर्वेल चुकला, हक्सली बरोबर ठरला’ हे वाक्य मी एवढ्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की आता त्याला मार्क द्यायचे सोडलेत. ईटनच्या शाळेत हक्सली हा ऑर्वेलला काही काळ फ्रेंच शिकवायला होता, एवढी गंमत सांगून मी पुढे जाते.

ब्रॅडबरीला मात्र वेळ द्यावा लागतो. पुस्तकं जाळणारे बंबवाले म्हटलं की सगळ्यांना हिटलर आठवतो. पण कादंबरीतला कॅप्टन बीटी सांगतो ते वेगळंच आहे : सुरुवात सरकारी हुकमाने झाली नाही; याला हे टोचतं, त्याला ते टोचतं, असं करत लोकांनीच पुस्तकं बारीक केली, सरकार शेवटी आलं. ब्रॅडबरीने ही गोष्ट लॉस एंजलिसमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिली; दहा सेंट टाकले की अर्धा तास यंत्र चालायचं. पुस्तक आलं १९५३ साली. पुढे १९६७पासून प्रकाशकाने शाळांसाठी एक आवृत्ती काढली आणि त्यात शिव्याबिव्या गुपचूप गाळल्या. पुस्तकांच्या कत्तलीवरच्या पुस्तकाची ही छाटणी लेखकाला अनेक वर्षं ठाऊक नव्हती. विद्यार्थ्यांनी पत्रं लिहून कळवली. इथे माझा वर्ग हमखास खूश होतो.

मराठी रंगभूमीकडे याचे दाखले भरपूर. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त साडीवरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला खुपला. मग डाग निळा केला गेला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जायचं की निळा दिसेल तो लाल समजावा. ‘सखाराम बाइंडर’ हायकोर्टात गेलं. ‘घाशीराम’ची हकीगत तर सगळ्यांना माहीत. मुलांना मी विचारते, यातला सरकारी सेन्सॉर कुठला आणि लोकांचा कुठला ते वेगळं करून दाखवा. जमत नाही. मलाही जमलेलं नाही.

पेपर नवा होता त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१२मध्ये, पालघरचं प्रकरण झालं. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या मुंबई बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, दोघींना अटक झाली. पुढे तो खटला मागे पडला, आणि ज्याच्या आधारे अशा अटका व्हायच्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. पण रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवणं चालूच होतं. २०२१च्या जुलैमध्ये खुद्द न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं. माझ्या वर्गावर परिणाम झाला तो अटकेचा. निकालाचा झाला नाही. त्या आठवड्यात दोन मुलींनी अकाउंट बंद केलं. लिहिणारीचं काय होतं हे त्यांना आधीच माहीत होतं; लाइक करणारीचं काय होतं हे नवीन होतं.

माझ्यावर वेळ आली ती पुढे केव्हातरी. ब्रॅडबरी शिकवताना मी पुण्याच्या भांडारकर संस्थेवरच्या ५ जानेवारी २००४च्या हल्ल्याविषयी बोलत होते. एका पुस्तकावरून रागावलेल्या जमावाने अशा संस्थेची मोडतोड केली जिने ते पुस्तक लिहिलंही नव्हतं, छापलंही नव्हतं. हे बोलणं कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा गावातल्या कुठल्याशा ग्रुपवर फिरला. चार-पाच जण प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन बसले. आवाज कोणाचा चढला नाही, चहा झाला, मला ‘ताई’ म्हणाले. ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, “मॅडम, शिकवा काय ते. उदाहरण तेवढं जुनं द्या.”

मी जुनं दिलं. खाडिलकरांचं १९०७चं ‘कीचकवध’ घेतलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे कर्झन, भीम म्हणजे जहाल, युधिष्ठिर मवाळ, आणि द्रौपदी कोण हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. सरकारला ते कळायला थोडा वेळ लागला. १९१०मध्ये बंदी आली. इतकी वर्षं मी ही गोष्ट नाट्येतिहासातला किस्सा म्हणून सांगत आले होते. या वेळी मीही तेच करत होते, आजचं बोलण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचं नाटक पुढे करत होते. मुलांना ते लगेच कळलं. एकाने विचारलं, “मॅडम, मग आजचा कीचक कोण?” वर्ग हसला, मीही हसले. हसताना माझी नजर कोणाचा मोबाइल बाकावर आहे आणि कोणाचा खिशात, यावरून फिरून आली.

ती सवय गेलेली नाही. बेन्थमने अठराव्या शतकाच्या शेवटी तुरुंगाचा जो आराखडा काढला त्यात मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कधीच कळत नाही, आणि म्हणून तो कायम शहाण्यासारखा वागतो. फुकोने १९७५मध्ये त्याच्यावर सबंध सिद्धांत उभा केला. हे मी कितीतरी वर्षं आकृती काढून शिकवलं होतं. आता मनोऱ्यात कोण आहे हे मला माहीत नव्हतं. होतं एवढंच माहीत की तो माझ्याच वर्गात बसतो, माझ्याकडूनच इंटर्नलचे मार्क घेतो आणि कदाचित त्याने वाईट हेतूने काही केलंही नसेल. माझी वाक्यं तेव्हापासून टोकाला बोथट होतात. पूर्वी ‘हे चूक होतं’ म्हणत असे, आता ‘यावर मतभेद आहेत’ म्हणते. दोन्ही वाक्यं खरीच आहेत, म्हणून तर हे करणं सोपं जातं.

करोनाच्या काळात सगळा पेपरच मोबाइलवर आला. लेक्चर्स आपोआप रेकॉर्ड व्हायची. मुलं कॅमेरे बंद ठेवायची. काळ्या चौकोनांशी बोलताना चिडचिड व्हायची, पण त्यांना कॅमेरा लावा म्हणायचं मी पहिल्या आठवड्यातच सोडलं. एकाने लावला तर मागे पत्र्याची भिंत दिसली आणि त्याने तो घाईने बंद केला. नंतर ऑनलाइन परीक्षा आल्या. सॉफ्टवेअर चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं. नजर हलली, दुसरा चेहरा दिसला, आवाज आला की इशारा, काही इशाऱ्यांनंतर पेपर बंद. दारातून शेळी आत आली म्हणून मान वळवलेल्या एका मुलीला इशारा मिळाला. दुसऱ्याची आई त्याला भाकरी द्यायला आली, दोन चेहरे झाले. ऑर्वेलच्या कादंबरीत चेहऱ्यावर चुकीचा भाव दिसणं हाही गुन्हा आहे, त्याला स्वतंत्र नाव आहे. परीक्षेत त्यावर टीप विचारली होती. ती टीप लिहिताना मुलं निर्विकार चेहऱ्याने स्क्रीनकडे बघत होती, कारण तसं बघणं भाग होतं. हा विनोद माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या ग्रुपवर येऊन गेला होता. त्या वर्षीच्या टिपा मी इतक्या वर्षांत वाचलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या होत्या.

ॲटवूडच्या वेळी मुलगे मागे पडतात आणि मुली बोलायला लागतात. तिने ही कादंबरी १९८४मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतली, आणि स्वतःला नियम घातला की इतिहासात कुठेच घडलं नाही असं काहीही आत येऊ द्यायचं नाही. कादंबरीत एका सकाळी बायकांची बँकेची कार्डं चालेनाशी होतात. पैसे नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातात. माझ्या मुलींना यात काही अतर्क्य वाटत नाही. त्या सांगतात की, बस सुटली की घरी लाइव्ह लोकेशन पाठवायचं; न पाठवलं तर फोन, फोन उचलला नाही तर मैत्रिणीला फोन. काहींना हे ओझं वाटतं, काहींना आधार, पुष्कळजणींना एकाच दिवशी दोन्ही. सरकारची पाळत म्हटलं की चर्चेत हिरिरी येते, पण बापाची पाळत म्हटलं की आवाज खाली येतो. तिथे शत्रू सापडत नाही.

एका विद्यार्थिनीने पेपर संपल्यावर दोनेक वर्षांनी फोन केला. तिला नोंदणी पद्धतीने लग्न करायचं होतं, वेगळ्या धर्मातल्या मुलाशी. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावतात, आक्षेप मागवण्यासाठी. तिला भीती कायद्याची नव्हती, फलकाचा फोटो काढून घरी पाठवणाऱ्याची होती. “मॅडम, तुम्ही काचेची घरं शिकवली होती,” एवढंच ती म्हणाली. मी तिला एका वकील मैत्रिणीचा नंबर दिला. माझ्याकडे त्याहून जास्त काही नव्हतं.

परदेशातल्या बातम्या मी थोडक्यात उरकते. २०१३मध्ये स्नोडेनने कागदपत्रं बाहेर काढल्यावर ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चा खप वाढला. २००९मध्ये हक्कांच्या घोळामुळे ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून हीच कादंबरी परस्पर पुसली, आणि एका विद्यार्थ्याच्या नोट्स निराधार झाल्या. २०१४च्या लष्करी बंडानंतर बँकॉकमध्ये लोक निषेध म्हणून ती रस्त्यात उभं राहून वाचू लागले. पेगॅससच्या चौकशीसाठी समिती नेमणाऱ्या २०२१च्या आपल्या न्यायालयाच्या आदेशाची सुरुवातही ऑर्वेलच्या वाक्याने होते. पुस्तक असं सगळीकडे उद्धृत होऊ लागलं की त्याची धार जाते, असं माझं मत आहे. सहकारी सहमत नाहीत.

गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधिकांपैकी एकीबद्दल सांगते. मुलीची मावशी एका महापालिकेत सफाई कामगार. कामगारांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ आलं : बाई कुठे आहे, किती वेळ एका जागी आहे, हद्दीबाहेर गेली का, सगळं कार्यालयात दिसतं. सावलीत टेकलं तरी विचारणा. बाथरूमला जाताना ते काढायचं की ठेवायचं, यावर बायकांमध्ये आपसात चर्चा. मुलीने सुट्टीत मावशीबरोबर पहाटे जाऊन हे टिपून ठेवलं. मग तिने २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा काढला आणि त्यातल्या सातव्या कलमावर बोट ठेवलं : नोकरीशी संबंधित कारणासाठी संमती न घेताही माहिती वापरता येते. हे कलम मी कधी वाचलं नव्हतं.

व्हायवाला आलेले बाहेरचे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. प्रबंधिका चाळून म्हणाले, “सगळं ठीक, पण यात साहित्य कुठाय? हा तर कामगार खात्याचा अहवाल झाला.” ती घाबरली नाही. म्हणाली, “सर, ‘वी’मधला नायक माणूस नाही, नंबर आहे, डी-५०३. सगळ्या शहराने किती वाजता उठायचं, किती वेळा घास चावायचा, याचं कोष्टक आहे. ते लोक प्राचीन काळातल्या ज्या माणसाला सगळ्यांत मोठा मानतात तो कोणी राजा नाही, देवही नाही. तो टेलर आहे, कारखान्यात घड्याळ लावून मजुरांच्या हालचाली मोजणारा. झाम्यातिन पोलिसांवर लिहीत होता असं आपण समजतो. तो मुकादमावरही लिहीत होता.”

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, टेलरचं नाव कुठे येतं ते तिला शोधून दाखवायला लावलं, आणि मग चष्मा लावून स्वतःच पुढची पानं वाचत बसले. पुढच्या मुलाचा व्हायवा त्या दिवशी बऱ्याच उशिराने सुरू झाला.